वसुधाताईंनी कापलेला एक यार्ड

मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या निम्म्या मराठी घरांना वसुधा खानझोडे आवडत नाहीत आणि उरलेल्या निम्म्यांची त्यांच्याशी अजून ओळख व्हायची आहे, असं तिथल्या मराठी मंडळात गमतीने म्हणायचे. वसुधाताईंच्या कानावर हे आलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "निम्मी कशावरून? मोजली का कोणी?"

मोजणं हाच त्यांचा धंदा होता. नागपुरातून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन त्या नवऱ्यामागोमाग मिशिगनला आल्या. मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणी खात्यात लागल्या आणि सव्वीस वर्षं तिथेच राहिल्या. बाहेरच्या कारखान्यांतून सुटे भाग यायचे, वसुधाताई ते गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघायच्या आणि बसत नसेल तर "बसत नाही" एवढं म्हणून बाजूला ठेवायच्या. माल आणणाऱ्याने कितीही अजीजी केली तरी तिसरा शब्द तोंडातून निघत नसे. घरीही तसंच. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात एका वर्षी त्यांना रांगोळी स्पर्धेला परीक्षक नेमलं. नियम तीन फुटांच्या चौकोनाचा होता. विनीता मोघेची रांगोळी सगळ्यांत सुंदर होती, पण चार बोटं बाहेर गेली होती. वसुधाताईंनी ती बाद केली. पुढच्या वर्षीपासून मंडळाने परीक्षक म्हणून एका डेंटिस्टला बोलवायला सुरुवात केली.

पण मोघे कुटुंबाशी वैर रांगोळीचं नव्हतं. ते त्याच्या आधीचं होतं. विनीताचा नवरा श्रीराम मोघे पुण्याचा. ट्रॉयमधल्या एका लहान कारखान्यात तो उत्पादनाचा प्रमुख होता आणि त्या कारखान्याचा माल वसुधाताईंच्या कंपनीत यायचा. सहा वर्षांपूर्वी एकाच महिन्यात त्यांनी त्याचे तीन ट्रक परत पाठवले. तिसऱ्या वेळी श्रीराम स्वतः आला. मराठीत बोलला, चहा घेऊया म्हणाला, फरक केसाएवढा आहे म्हणाला. वसुधाताई म्हणाल्या, "बसत नाही." काम गेलं आणि कामाबरोबर श्रीरामची खुर्चीही गेली. आठ महिने तो घरी होता. नंतर दुसरीकडे लागला तो दोन पायऱ्या खाली. तेव्हापासून मंडळाच्या हॉलमध्ये वसुधाताई डावीकडे बसल्या की मोघे मंडळी उजवीकडे बसायची.

आता एवढ्या मोठ्या मिशिगनमध्ये या दोन घरांना एकमेकांचं तोंड न बघता जगता आलं असतं. पण मध्ये फुटबॉल आला.

वसुधाताईंची मुलगी निधी अर्ध्या तासावरच्या हार्लन कॉलेजात शिकायला होती. तिथल्या बँडमध्ये ती ट्रम्पेट वाजवायची. शनिवारी तिला सोडायला गेल्यावर वसुधाताईंना चार तास काही उद्योग नसे. फुटबॉलच्या सामन्यांची आकडेवारी लिहायला कॉलेजला माणसं हवी आहेत असं पालकांच्या पत्रकात छापून आलं आणि त्या जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना खेळ येत नव्हता. शिकल्या. निधी पास होऊन पुढे पेन्सिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएचडी करायला गेली, तरी वसुधाताई शनिवारच्या शनिवारी तिथे जातच राहिल्या. अकरा वर्षं झाली.

स्टँडच्या माथ्यावर काचेची एक लांबट खोली असते. तिथे पत्रकार आणि आकडेवारीवाले बसतात. वसुधाताईंच्या शेजारी ग्लेन नावाचा निवृत्त गणित मास्तर कॉम्प्युटरवर बसायचा. वसुधाताई दुर्बिणीतून बघायच्या, चेंडू कुठल्या रेषेवर थांबला ते मोठ्याने सांगायच्या, ग्लेन बटणं दाबायचा. त्या खोलीचा एक नियम होता, दारावर छापून लावलेला: इथे कोणीही जल्लोष करायचा नाही. बाहेर चार हजार माणसं बेंबीच्या देठापासून ओरडत असताना आत बारा माणसं गप्प बसायची. वसुधाताईंना सगळ्या अमेरिकेत ही खोली सर्वांत आवडायची.

तीन वर्षांपूर्वी श्रीरामचा मुलगा देवांग त्याच कॉलेजात आला आणि टीमचा किकर झाला. लहानपणी तो सॉकर खेळायचा, पाय दणकट होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये किकरचं काम वर्षभरात मोजून काही मिनिटांचं. चेंडू पुढे सरकेनासा झाला की त्याला बोलावतात. टीममधला एक जण मागे गुडघा टेकून बसतो, त्याच्याकडे चेंडू फेकला जातो, तो चेंडू जमिनीवर टोकावर उभा धरतो आणि किकर धावत येऊन तो दोन उंच खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून मारतो. याला फील्ड गोल म्हणतात. अंतर मोजतात ते चेंडू जिथे उभा धरला तिथपासून खांबांपर्यंत, यार्डात. यार्ड म्हणजे मीटरपेक्षा चार बोटं कमी.

हार्लन कॉलेजचा सर्वांत लांबच्या फील्ड गोलचा विक्रम एकसष्ट यार्डांचा होता, त्र्याऐंशी सालचा. मोठ्या विद्यापीठांतले विक्रम याच्याही पुढे गेलेले आहेत, पण लहान कॉलेजला एकसष्ट म्हणजे डोक्यावरून पाणी. जिमच्या भिंतीवर त्या माणसाचं नाव पितळी पाटीवर होतं. देवांगला शेवटचं वर्ष एखाद्या मोठ्या विद्यापीठात जाऊन खेळायचं होतं. तिथले कोच लहान कॉलेजच्या पोरांचे व्हिडिओ बघत बसत नाहीत, ते यादी बघतात. विक्रम मोडला तर यादीत नाव लागतं, बरोबरी केली तर तळटीप. श्रीराम हे मंडळात प्रत्येकाला दोनदा सांगून चुकला होता.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सामना होता. आदल्या दिवशीच्या पावसाने मैदान ओलं होतं. पहिला अर्धा डाव संपायला चार सेकंद उरलेली, वारा पाठीवर. चेंडू समोरच्यांच्या पंचेचाळीसच्या रेषेवर, म्हणजे त्यांच्या गोलरेषेपासून पंचेचाळीस यार्डांवर, अडला होता. कोचने देवांगला पाठवलं.

चेंडू धरणारा नेहमी रेषेपासून सात यार्ड मागे बसतो. इतकं ठरलेलं, की कोणी वेगळं सांगितलं नाही तर ग्लेनचा कॉम्प्युटर आपण होऊनच सात धरून अंतर काढतो. पंचेचाळीस, खांब गोलरेषेच्याही मागे असतात ते दहा, आणि हे सात, म्हणजे बासष्ट. पण दुर्बिणीतून वसुधाताईंना दिसलं, की चेंडू धरणारा कोल नावाचा मुलगा सातवर आला, पायाने चाचपलं, तिथे चिखलाचा खड्डा होता, आणि तो एक यार्ड पुढे सरकून बसला. सहा. वसुधाताईंनी वहीत सहा लिहिलं. आता ते मोठ्याने सांगायचं, एवढंच बाकी होतं.

देवांग धावला. पायाचा आवाज वरपर्यंत आला. चेंडू उठला, वाऱ्याने उचलला, दमला, खाली येऊ लागला, आडव्या दांडीवर टप्पकन आपटला आणि पलीकडे पडला.

"मारलं रे पोरा!"

वसुधाताई उभ्या होत्या. दुर्बीण गळ्यात लोंबत होती, दोन्ही हात वर. अकरा माणसं त्यांच्याकडे वळून बघत होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या या खोलीत ओरडल्या होत्या, आणि तेही मोघेच्या पोरासाठी. कान तापले, त्या खाली बसल्या. तेवढ्यात बाहेर लाउडस्पीकरवर निवेदक किंचाळला: बासष्ट यार्ड, नवा विक्रम!

मध्यंतरात ग्लेनने कागद छापून काढला तेव्हा त्यांनी तो आकडा बघितला.

"ग्लेन, हे चुकलंय. मुलगा सहा मागे बसला होता."

"तू काही सांगितलं नाहीस."

"आता सांगते आहे."

ग्लेनने चष्मा काढला. "तू नाचत होतीस वसुधा. सगळ्यांनी बघितलं. चार हजार लोकांनी बासष्ट ऐकलंय, आणि आता मी त्यांना काय सांगू? माझी सहकारी आनंदात होती म्हणून?"

"वहीत लिहिलंय."

"मग दुरुस्तीचा फॉर्म भर. मंगळवारी दुपारी बारापर्यंत ऑफिसात दे, त्यानंतर आकडा पक्का होतो. त्यात चुकीचं कारण लिहायचा एक रकाना आहे." तो चष्मा पुसू लागला. "तो नीट भर. आणि त्यात माझं नाव घालू नकोस."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ट्रॉयमध्ये मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. रातोरात देवांगच्या सत्काराची जुळवाजुळव झाली होती. शाल, नारळ, "आपला विक्रमवीर" अशी छापील पट्टी. वसुधाताईंनी ठरवलं, की पोराला स्टेजवर चढवायच्या आधी बापाला सांगावं. सहा वर्षांनी त्या हॉलच्या उजव्या बाजूला गेल्या. श्रीराम चहाच्या टेबलापाशी चार जणांत उभा होता.

"मोघे, जरा बोलायचं होतं."

"बोला की खानझोडे मॅडम." कारखान्यातलं जुनं संबोधन त्याने मुद्दाम काढलं. "अभिनंदन करायला आलात?"

"बाजूला येता का?"

"इथेच बोला. मी तुमच्याशी बाजूला एकदा बोललोय. चहा घेऊया म्हणालो होतो, आठवतं?"

वसुधाताईंनी सांगितलं. सहा, सात, खड्डा, एकसष्ट. श्रीरामच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे गोठलं.

"म्हणजे बसत नाही," तो म्हणाला.

"बासष्ट नाहीये ते."

"वाटच बघत होतो मी. काल रात्री विनीताला म्हटलं, अजून खानझोडेंचा शेरा आला नाही, सामना झाला कसा म्हणायचा!" भोवतालचे हसले. "अहो, मशीनने मोजलंय ते. माणसाने नाही. म्हणून तर बरोबर आलं."

"मशीनला मी सांगितलं नाही म्हणून ते चुकलं."

"का नाही सांगितलंत?"

 त्या ओरडल्या होत्या हे या माणसाला, या घोळक्यात सांगायचं त्यांच्या जिवावर आलं.

तेवढ्यात विनीता आली. "काय चाललंय? माझी रांगोळी चार बोटं, नवऱ्याचा माल केसभर, आता पोराचा यार्ड? आमच्या घरातलं तुमच्या मापात काही बसणार आहे का हो कधी?"

"विनीता, हे त्यातलं नाही."

"त्यातलंच आहे! बाई, एक दिवस तरी आनंदात राहू द्या ना आम्हाला. उद्या तुमच्या पोरीच्या लग्नात आम्ही मांडव मोजायला आलो तर चालेल का?"

स्टेजवरून देवांगचं नाव पुकारलं गेलं. उंच, लाजरा पोरगा शाल पांघरून उभा राहिला. श्रीरामने माईक घेतला आणि म्हणाला, की काही लोकांचं आयुष्य दुसऱ्याचं परत पाठवण्यात जातं, पण माझ्या पोराने मारलेलं कोणी परत पाठवू शकत नाही. टाळ्या पडल्या. कोणाला उद्देशून ते सगळ्यांना कळलं, आणि ज्यांना कळलं नाही त्यांना शेजारच्याने सांगितलं. जेवणाच्या रांगेत वसुधाताईंच्या पुढे आणि मागे दोन-दोन माणसांची जागा मोकळी राहिली. घरी पोचेपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फूटपट्टीची चित्रं फिरत होती.

गाडी त्यांचा नवरा मनोहर चालवत होता. तो सहसा बोलत नाही.

"एक यार्ड," तो म्हणाला. "काहून एवढं ताणते? सोड ना यार."

"ब्रेकमध्ये केसभर फरक असला तर माणूस मरतो."

"चेंडूने कोण मरतं?"

गाडी हायवेला लागली. मग मनोहरने हळूच विचारलं, "आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिणार? तू ओरडलीस ते?"

त्यांनी फक्त मनोहरलाच ते सांगितलं होतं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. ते लिहिलं तर खोलीतली खुर्ची जाणार हे त्यांना माहीत होतं. न लिहिलं तर आकडा का बदलतो आहे याला काही आधारच राहत नव्हता, आणि सगळे म्हणतील तेच खरं ठरणार होतं: खानझोडेबाईंनी सूड घेतला. पोरगा मराठी नसता तर त्या ओरडल्याच नसत्या. सहा म्हणाल्या असत्या, आणि विषय त्या चार सेकंदांतच मिटला असता. हे त्यांना कळत होतं, आणि त्याचाच सगळ्यांत जास्त राग येत होता.

सोमवारी सकाळी श्रीरामचा मेसेज आला. सहा वर्षांतला पहिला. "चार वाजता ग्राउंडवर या. टेप आणा. माझ्यासमोर मोजा."

वसुधाताई कंपनीतून परस्पर गेल्या. पंचवीस फुटी पोलादी टेप त्यांच्या गाडीत कायम असायची. मैदानाचा माळी म्हणाला, उद्या सकाळी रोलर फिरणार, काय बघायचं ते आज बघा. श्रीराम ऑफिसच्या कपड्यांत आला होता, पायात काळे बूट. त्याच्यामागे देवांग होता, हात खिशात, नजर खाली. त्याला यायचं नव्हतं हे दुरूनही दिसत होतं.

"ओळखायचं कसं?" श्रीरामने विचारलं.

"किक मारताना दुसरा पाय चेंडूच्या शेजारी रोवावा लागतो. ओल्या गवतात त्याची खाच पडते."

पंचेचाळीसच्या रेषेपासून मागे चालत त्या जागा शोधत गेल्या. सातवर वाळत चाललेला चिखलाचा खड्डा होता. त्याच्या अलीकडे, खांबांच्या बाजूला, गवत उखडलेलं होतं आणि बुटाच्या खिळ्यांची खोल, तिरपी खाच उमटली होती. ताजी, एकटी. त्या वाकल्या. "इथे."

"धरतो मी दुसरं टोक," श्रीराम म्हणाला. "तुम्ही ओढाल टेप, मला माहीत आहे."

"तुमचं टोक रेषेवर ठेवा. रेषेच्या आत नको."

"मला शिकवू नका मॅडम. चौदा वर्षं कारखाना चालवलाय."

"त्यातली शेवटची सहा नव्हे."

हे बोलायला नको होतं. बोलून गेल्या. श्रीरामने टेपचं टोक रेषेवर दाबलं, बोटं पांढरी होईपर्यंत. दोघं अठरा फुटांवर एकमेकांकडे बघत वाकून बसले होते, मध्ये पोलादी पट्टी ताणलेली.

"अठरा फूट दोन इंच," वसुधाताई म्हणाल्या. "सहा यार्ड म्हणजे अठरा फूट. सात असते तर एकवीस आले असते. या, तुम्ही वाचा."

श्रीराम आला. टेप वाचली. पुन्हा वाचली. मग तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "ही दुसऱ्या कुठल्यातरी किकची असेल."

"त्या दिवशी या बाजूला दुसरी किक झाली नाही. माझ्याकडे यादी आहे."

"तुमच्याकडे याद्याच असतात." श्रीरामने उजव्या बुटाची टाच उचलली, त्या खाचेवर ठेवली आणि सिगारेट विझवावी तशी फिरवली. एकदा, दोनदा. खाच बुजली. गवताची मुळं वर आली. "आता मोजा. मोजा ना! कुठे होता चेंडू?"

वसुधाताईंच्या हातातून टेप सुटली आणि सळसळत डबीत शिरली. कारखान्यात खोटे दाखले आणणारी माणसं त्यांनी बघितली होती, पण डोळ्यांदेखत माप पुसणारा माणूस बघितला नव्हता.

"बाबा!" देवांग ओरडला.

"तू गप्प बस. तुझ्यासाठीच चाललंय."

"नो! माझ्यासाठी नाही!" तो इतक्या जोरात म्हणाला की पलीकडे माळ्याने मान वर केली. देवांग अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत बोलत होता, शब्द एकमेकांवर आपटत होते. "कोलने सांगितलं मला. शनिवारीच, लॉकर रूममध्ये. ही टोल्ड मी ही मूव्ह्ड अप. मला माहीत होतं, ओके? ते एकसष्टच होतं."

श्रीराम त्याच्याकडे बघत राहिला. टाच अजून मातीतच होती.

"तुम्ही दोघं सहा वर्षं भांडताय," देवांग म्हणाला. "ट्रक, रांगोळी, व्हॉटेव्हर. किक माझी होती. तुम्ही दोघांनी ती घेतलीत."

दुसरं कोणी असतं तर इथे पोराच्या पाठीवर हात ठेवला असता. वसुधाताईंनी टेप पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "तुला माहीत होतं, आणि काल तू शाल घेतलीस."

देवांगचं तोंड लाल झालं. तो वळला आणि मैदान आडवं कापत चालत सुटला. श्रीराम म्हणाला, "झालं समाधान?" आणि त्याच्यामागे गेला. गवतावर टाचेचा एक गोल खड्डा तेवढा राहिला, रोलर फिरेपर्यंत.

मंगळवारी वसुधाताईंनी अर्धा दिवस रजा काढली. कॉलेजच्या क्रीडा ऑफिसात ब्रेंडा नावाची बाई होती. तिच्या टेबलासमोर बसून त्यांनी फॉर्म भरला. नोंदलेलं अंतर, बासष्ट. खरं अंतर, एकसष्ट. पुरावा, वहीचं पान. मग कारणाचा रकाना आला, आणि पेन थोडा वेळ थांबलं. त्यांनी लिहिलं, की चेंडू सहा यार्ड मागे धरल्याचं मी बघितलं होतं, पण नियम मोडून जल्लोष केल्यामुळे ते वेळेत सांगितलं नाही. चूक माझी आहे. खाली सही केली. घड्याळात अकरा वाजायला दहा मिनिटं होती.

ब्रेंडाने वाचलं आणि भुवया उंचावल्या. "वसुधा, हे कारण असंच लिहायची गरज नव्हती. नजरचूक असं चाललं असतं."

"नजर चुकली नव्हती."

"मला हे ग्लेनच्या वरच्या माणसांकडे पाठवावं लागेल. या सीझनला तू वर बसू शकणार नाहीस. कदाचित पुढच्याही नाही."

"माहीत आहे."

ब्रेंडाने शिक्का मारला. म्हणजे पितळी पाटीवर त्र्याऐंशी सालच्या नावाखाली, त्याच आकड्यासमोर, दुसरं नाव येणार होतं आणि मोठ्या विद्यापीठांच्या यादीत तळटीप. त्याच संध्याकाळी श्रीराम मंडळाच्या ग्रुपमधून बाहेर पडला. विनीता भेटली की वाण्याच्या दुकानात ट्रॉली फिरवून दुसऱ्या रांगेत जाऊ लागली. ज्यांनी फूटपट्टीची चित्रं पाठवली होती त्यांनी ती काढून टाकली, पण फोन कोणीच केला नाही. बाई खरं बोलली हे आता सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यामुळे ती कोणाला जास्त आवडू लागली असं झालं नाही.

पण हे नंतरचं. मंगळवारी त्या ऑफिसातून बाहेर आल्या तेव्हा पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीपाशी देवांग उभा होता. खांद्यावर सॅक, डोळ्यांखाली काळं.

"दिलात?"

"दिला."

तो बुटाकडे बघत म्हणाला, "मी आत जाऊन सांगणार होतो. आय वॉज गोइंग टू. तुम्ही आधी पोचलात."

"बारापर्यंत वेळ होता. कोणी अडवलं नव्हतं."

हे त्याला लागलं. मग त्याने विचारलं, "बाबांचं लिहिलंत का? काल त्यांनी पायाने जे केलं ते?"

"नाही."

"का?"

"चुकीचं कारण लिहायचं होतं. चूक माझी होती. त्यांनी जे केलं ते चूक झाल्यावर दोन दिवसांनी केलं, त्याने आकडा बदलत नाही."

"दॅट्स इट? एवढंच?"

"एवढंच."

देवांगने मान हलवली, हसल्यासारखं केलं, पण ते हसू नव्हतं. "मला वाटलं तुम्ही नक्की लिहाल. मी रात्रभर तेच धरून चाललो होतो. काकू, तुम्ही लिहिलं असतं ना, तर मला तुमचा राग नीट करता आला असता."

वसुधाताईंनी गाडीचं दार उघडलं.

"कर ना," त्या म्हणाल्या. "मी कुठे नको म्हटलंय?"

आणि त्या गाडीत बसल्या.